तुम्ही विचारलंत म्हणून: मतं जास्त पडूनही माणूस पडतो कसा?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी नोव्हेंबरात कराडहून मामांचा फोन येतो, त्यात खुशाली दोन वाक्यांत उरकते. मग मूळ मुद्दा. "काय गं, तुमच्याकडे ज्याला मतं जास्त तो घरी बसतो आणि ज्याला कमी तो राज्य करतो, हा कुठला न्याय?" २००० साली त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं, २०१६ साली पुन्हा. मधल्या काळात मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईवडिलांना समुद्रकाठी फिरवताना, इतक्या जणांनी विचारलं की आता उत्तर लिहूनच काढते.

मी इतिहास शिकवत नाही. लोकांचे हिशेब तपासणं हे माझं काम. पण मी राहते बॉस्टनच्या दक्षिणेला, क्विन्सीत. गावाच्या मध्यावर ग्रॅनाइटचं एक चर्च आहे आणि त्याच्या तळघरात दोन राष्ट्राध्यक्ष आपापल्या बायकांशेजारी दगडी पेट्यांत झोपलेत: जॉन ॲडम्स आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स. जास्त मतं दुसऱ्याला पडूनही राष्ट्राध्यक्ष झालेला पहिला माणूस म्हणजे हा मुलगा. त्यामुळे मामांचा प्रश्न मला शेजारच्या घरातल्या भांडणासारखा वाटतो. थोडी बाजू घेतली जाणारच, आधीच सांगून ठेवते.

पहिल्या खेपेला मी मामांना एका ओळीत उत्तर दिलं होतं. "मामा, इथे माणसं मोजत नाहीत, राज्यं मोजतात." ते म्हणाले, "मग मतं कशाला घेता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी १८२४ सालापाशी पोचले.

त्याआधी चारच वर्षं कुठलं भांडण दिसत नव्हतं. १८२० साली जेम्स मन्रो दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा समोर कुणीच नव्हतं. पडलेल्या इलेक्टोरल मतांपैकी एक सोडून सगळी त्याला मिळाली. (इथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्य 'इलेक्टर' नावाचे प्रतिनिधी निवडतं आणि ते मत देतात, ती इलेक्टोरल मतं.) ते एक मत न्यू हॅम्पशरच्या एका इलेक्टरने जॉन क्विन्सी ॲडम्सला टाकलं, जो मन्रोचाच परराष्ट्रमंत्री होता! विरोधातला फेडरलिस्ट पक्ष विझत आला होता आणि उरलेले सगळे स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ चा.) एकत्र कुटुंबात असतं तसंच हे. ओसरीवरून घर शांत दिसतं आणि आत माजघरात वाटणीची बोलणी चाललेली असतात.

मिसुरीला संघराज्यात घेताना ती वाटणी उघड्यावर आली. गुलामगिरीसकट घ्यायचं की तिच्याशिवाय? शेवटी तोल सांभाळण्यासाठी मॅसॅच्युसेट्समधून मेन नावाचं वेगळं राज्य काढलं आणि २४ राज्यांची १२ गुलामगिरीवाली आणि १२ तिच्याशिवायची अशी विभागणी झाली. धाकट्या ॲडम्सने रोजनिशीत लिहून ठेवलं की हे एका मोठ्या शोकांतिकेचं नुसतं मुखपृष्ठ आहे. बाकीची भांडणं पोटाची होती. दक्षिणेला कापूस इंग्लंडला विकून तिथला माल स्वस्तात आणायचा होता, तिला आयातीवर जकात नको. पेनसिल्व्हेनियाच्या भट्ट्यांना जकात हवी. ओहायो-केंटकीला रस्ते आणि कालवे हवेत, शिवाय १८१९ च्या मंदीत जमिनी गमावलेल्यांचा बँकांवर राग. आणि आमच्या न्यू इंग्लंडला, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्येतल्या सहा राज्यांना, व्हर्जिनियाचा कंटाळा आलेला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा, मधली चार वर्षं काय ती क्विन्सीच्या थोरल्या ॲडम्सची.

अशा घरातून १८२४ ला चार जण उभे राहिले. पक्ष एक, दिशा चार. ईशान्येचा ॲडम्स. जॉर्जियाचा विल्यम क्रॉफर्ड, अर्थमंत्री, जुन्या व्हर्जिनिया गटाचा लाडका. केंटकीचा हेन्री क्ले, प्रतिनिधीगृहाचा (म्हणजे इथल्या लोकसभेचा) सभापती. आणि टेनेसीचा अँड्र्यू जॅक्सन, ज्याने जानेवारी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांचा धुव्वा उडवला होता. क्रॉफर्डला पक्षाच्या खासदारांच्या बैठकीने रीतसर उमेदवारी दिली, पण बैठकीला आले फक्त ६६ जण. बाकीच्यांनी पाठ फिरवली. त्यातच आदल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आलेला. तरी माघार नाही.

या चौघांचे आपापसातले धागे पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

१८१४ साली इंग्लंडशी तह करायला ॲडम्स आणि क्ले दोघंही बेल्जियमच्या गेंटला होते, एकाच घरात मुक्कामाला. ॲडम्स पहाटेच्या अंधारात उठून बायबल वाचणारा. त्याने लिहून ठेवलंय की एका पहाटे तो उठत होता तेव्हा क्लेच्या खोलीतली पत्त्यांची मंडळी उठून झोपायला निघाली होती. एकमेकांचं तोंड पाहू नये अशी ही जोडी. दुसरीकडे, १८१८ साली जॅक्सन हुकमाची वाट न पाहता स्पेनच्या फ्लोरिडात घुसला तेव्हा मंत्रिमंडळात त्याची बाजू लावून धरणारा एकटा ॲडम्स होता. क्लेने मात्र सभागृहात उभं राहून जॅक्सनचे वाभाडे काढले. जॅक्सन ते मरेपर्यंत विसरला नाही. आणि जानेवारी १८२४ मध्ये, निवडणुकीचं वर्ष उजाडता उजाडता, वॉशिंग्टनमध्ये जॅक्सनच्या विजयाच्या वाढदिवसाला मोठ्ठा नाच-समारंभ कुणी ठेवला? ॲडम्सच्या बायकोने, लुईझाने, स्वतःच्या घरी.

निकाल लागला तो असा. इलेक्टोरल मतं एकूण २६१, बहुमताला हवीत १३१. जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. न्यू इंग्लंडची सगळीच्या सगळी ५१ ॲडम्सला. व्हर्जिनिया आणि जॉर्जियाची सगळी क्रॉफर्डला. केंटकी, ओहायो, मिसुरी क्लेला. टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी आणि दोन्ही कॅरोलायना जॅक्सनला. आपला दिशेचा पट्टा सोडून बाहेर मोठी मजल मारली ती एकट्या जॅक्सनने, पेनसिल्व्हेनियाची २८ मतं घेऊन.

सामान्य मतदारांची मतं म्हणाल तर जॅक्सनला सुमारे १ लाख ५१ हजार, ॲडम्सला सुमारे १ लाख १३ हजार. मामा म्हणतात, "मग झालं की. जॅक्सन जिंकला."

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. कुठली मतं, मामा? २४ पैकी सहा राज्यांत लोकांनी इलेक्टर निवडलेच नाहीत, तिथल्या विधिमंडळांनी निवडले. आणि त्या सहांत देशातलं सगळ्यात मोठं राज्य न्यू यॉर्क होतं, जिथे ३६ पैकी २६ इलेक्टर ॲडम्सचे आले. म्हणजे ज्या बेरजेच्या जोरावर आपण जॅक्सनला विजयी ठरवतो, तिच्यात न्यू यॉर्कचा आकडा शून्य आहे. केंटकीत ॲडम्सच्या नावावर एक मत नोंदलेलं नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये जॅक्सनच्या नावावर नाही. १८२० च्या शिरगणतीत देशाची वस्ती ९६ लाख होती आणि चौघांची मिळून मतं साडेतीन लाखांच्या थोडी वर. ताळेबंद म्हणून कुणी माझ्या टेबलावर हे ठेवलं तर मी सही करणार नाही.

अजून एक नोंद आहे, आणि ती नुसती तांत्रिक नाही. राज्याच्या वाट्याला किती इलेक्टर येणार हे लोकसंख्येवरून ठरे आणि त्या लोकसंख्येत पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं धरलं जाई. घटनेतच तसं लिहिलं होतं. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो. तिथे पाच मुखांतली तीन मोजायची आणि एकालाही बोलू द्यायचं नाही. जॅक्सनच्या ९९ मतांपैकी ५५ मतं गुलामगिरी असलेल्या राज्यांतून आली. क्रॉफर्डच्या ४१ पैकी ३६. त्यातली नेमकी किती या तीन-पंचमांश हिशेबाने फुगली होती यावर अभ्यासक वाद घालोत, पण 'जनतेचा उमेदवार' हे बिरूद मी जॅक्सनला न अडखळता देऊ शकत नाही. चौघांपैकी तिघांच्या नावावर गुलाम होते, तो त्यातलाच एक.

असो. कुणालाच बहुमत नाही म्हटल्यावर निकाल प्रतिनिधीगृहाकडे गेला. १८०० सालीही असंच झालं होतं. थॉमस जेफरसन आणि ॲरन बर एकाच पक्षाचे, दोघांना ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. त्या गोंधळानंतर १८०४ साली घटनेची बारावी दुरुस्ती झाली. तिच्यात एक अट होती: बहुमत नसेल तर पहिल्या तिघांतूनच निवडायचं. म्हणजे चौथा क्ले बाद. आणि तो चौथा किती मतांनी? चार. लुईझियानाच्या विधिमंडळात ज्या दिवशी इलेक्टर ठरले त्या दिवशी क्लेचे काही लोक गैरहजर होते. जॅक्सन आणि ॲडम्सच्या गटांनी हात मिळवून तिथली पाच मतं वाटून घेतली. ती क्लेला पडली असती तर क्ले ४२, क्रॉफर्ड ४१. आणि ज्या सभागृहाचा क्ले सभापती होता, जिथे त्याचा शब्द झेलला जात असे, तिथेच त्याचं नाव मतदानाला आलं असतं. गैरहजेरीचं महत्त्व आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामपंचायत सदस्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रतिनिधीगृहातल्या मतदानाचा नियम मात्र मामांना पटवताना माझा घाम निघतो. तिथे सदस्याला मत नव्हतं, राज्याला एक मत होतं. न्यू यॉर्कचे ३४ सदस्य मिळून एक मत, आणि इलिनॉयचा डॅनियल कुक हा एकुलता एक सदस्य म्हणजेसुद्धा एक मत. जिंकायला २४ पैकी १३. मी मामांना आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचं उदाहरण दिलं. तिथेही मतांना मूल्य असतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. मामा तावातावाने म्हणाले, "अगं, पण ते वस्तीप्रमाणे! इथे तर सगळं उलटंच." बरोबर आहे. उलटंच आहे. लहान राज्यांनी संघराज्यात येताना जी किंमत मागून घेतली, तिचा हा हप्ता.

आता किल्ली क्लेकडे. स्वतः उभा राहू शकत नाही, पण कुणाला बसवायचं हे ठरवू शकतो. तिन्ही गटांचे लोक त्याच्या मागेपुढे. माझ्या मते त्याचा निर्णय झालेलाच होता. क्रॉफर्ड आजारी, आणि त्याने जॅक्सनला राष्ट्राध्यक्ष करणं कालत्रयी शक्य नव्हतं. न्यू ऑर्लिन्सला अडीच हजार इंग्रज मारले म्हणून देश चालवण्याची पात्रता येते असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं त्याने एका पत्रात लिहिलं. शिवाय जकात, रस्ते, राष्ट्रीय बँक या त्याच्या कार्यक्रमाला जवळचा ॲडम्सच होता. ९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी सहाला क्ले ॲडम्सच्या घरी गेला आणि बराच वेळ बसला. मागच्या गोष्टींचा खुलासा आणि पुढच्या गोष्टींचा विचार झाला, असं ॲडम्सची रोजनिशी सांगते. क्लेने स्वतःसाठी काही मागितल्याची नोंद तिच्यात नाही.

जानेवारी संपायच्या आत फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात निनावी पत्र झळकलं: क्लेने परराष्ट्रमंत्रिपदाच्या बदल्यात पाठिंबा विकला. क्ले भडकला, लिहिणाऱ्याने समोर यावं म्हणून जाहीर आव्हान दिलं. समोर आला पेनसिल्व्हेनियाचा खासदार जॉर्ज क्रेमर, जो बिबट्याच्या कातड्याचा कोट घालून हिंडत असे. अशा माणसाशी पिस्तुलं रोखून उभं राहण्यात आपलंच हसं, हे क्लेच्या ध्यानात आलं असावं. द्वंद्व झालं नाही.

इकडे केंटकीच्या विधिमंडळाने आपल्या खासदारांना सांगितलं की मत जॅक्सनला द्या. क्लेच्या लोकांनी ते ऐकलं नाही, आठ विरुद्ध चारने राज्याचं मत ॲडम्सला गेलं. ज्या राज्यात त्याला एक मत पडलं नव्हतं, त्या राज्याचं! मिसुरीच्या एकट्या खासदारानेही मत त्याला दिलं. ९ फेब्रुवारीला सगळं अडलं न्यू यॉर्कवर, तिथे १८ सदस्य झाले की मत ॲडम्सचं. अठरावा ठरला स्टीफन व्हॅन रेन्सलर, ऑल्बनीकडचा म्हातारा गडगंज जमीनदार. गोष्ट अशी सांगतात की त्याने देवाची प्रार्थना करायला टेबलावर डोकं टेकलं, डोळे उघडले तर पायाशी ॲडम्सच्या नावाची एक चिठ्ठी पडलेली. तो देवाचा कौल समजून त्याने तीच पेटीत टाकली. ही हकीकत न्यू यॉर्कचा सिनेटर मार्टिन व्हॅन ब्यूरन याच्या आठवणींतली आहे आणि तो क्रॉफर्डसाठी जिवाचं रान करत होता, तेव्हा चाळून घ्यावी. मला एवढंच वाटतं की ज्याच्यावर अनेक दिवस सगळीकडून दबाव आलाय, त्याला खाली पडलेली चिठ्ठी दिसतेच.

पहिल्याच फेरीत ॲडम्स १३, जॅक्सन ७, क्रॉफर्ड ४. त्या रात्री मन्रोच्या मेजवानीत जॅक्सनने पुढे होऊन ॲडम्सशी हसून हात मिळवला. लोकांना वाटलं, संपलं.

आणि मग काही दिवसांत ॲडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री नेमलं.

जेफरसन, मॅडिसन, मन्रो, खुद्द ॲडम्स, सगळे त्याच खुर्चीवरून वर चढलेले. ती खुर्ची म्हणजे पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण याची पाटीच. जॅक्सनने एका मित्राला लिहिलं की पश्चिमेच्या ज्यूडासने (येशूला दगा देणारा शिष्य तो) सौदा पुरा केला, आता त्याला चांदीची तीस नाणी मिळतील. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, क्लेच्या नावाला २७ विरुद्ध १४ ने मंजुरी मिळाली, आणि त्या १४ जणांत सिनेटर जॅक्सन होता.

तर चोरी झाली का? तुम्ही मला हिशेबनीस म्हणून विचारलंत तर माझ्याकडे व्हाउचर नाही. सौद्याचा कागद कुणाला मिळालेला नाही, आणि नियमाप्रमाणे जे व्हायचं तेच झालं. क्ले त्या पदाला लायक होता, हेही खरं. पण शेजारीण म्हणून विचारलंत तर, अरे बाबांनो, महिनाभर सगळं गाव एकच गोष्ट कुजबुजतंय आणि तुम्ही तीच करून दाखवता? ॲडम्सला वाटलं की आपल्या मनात पाप नाही ना, मग लोक काय म्हणतात याची फिकीर कशाला. हा आमच्या गावच्या ॲडम्स घराण्याचा जुना रोग. शपथविधीच्या भाषणात त्याने स्वतःच कबूल केलं की आधीच्या कुणापेक्षाही कमी विश्वासाचं भांडवल घेऊन मी इथे उभा आहे. आणि त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, काय मागितलं? राष्ट्रीय विद्यापीठ, रस्ते, कालवे, खगोलवेधशाळा. वेधशाळांना तो आकाशातले दीपस्तंभ म्हणाला. विरोधकांना वर्षभर पुरेल एवढी चेष्टा त्याने एका शब्दात पुरवली.

व्हर्जिनियाचा सिनेटर जॉन रँडॉल्फ या जोडीला 'प्युरिटन (कर्मठ धार्मिक) आणि पत्तेचोर' म्हणाला. त्यावरून एप्रिल १८२६ मध्ये क्ले आणि तो पोटोमॅकच्या काठी पिस्तुलं घेऊन उभे राहिलेच. क्लेची गोळी रँडॉल्फच्या पांढऱ्या कोटातून आरपार गेली, अंगाला लागली नाही. रँडॉल्फ म्हणाला, तुम्ही माझं एक कोटाचं देणं लागता. क्ले म्हणाला, त्याहून मोठं नाही हे नशीब.

पण खरं देणं १८२८ ला फेडावं लागलं. जॅक्सनचा प्रचार १८२५ सालीच सुरू झाला होता, टेनेसीने ऑक्टोबरातच त्याचं नाव पुढे केलं आणि त्याने सिनेटचा राजीनामा दिला. तीन वर्षं एकच घोषणा: भ्रष्ट सौदा. यादरम्यान बहुतेक राज्यांनी इलेक्टर निवडायचा हक्क लोकांकडे दिला, विधिमंडळाकडे तो उरला फक्त डेलावेअर आणि साउथ कॅरोलायनात. मतदान साडेतीन लाखांवरून अकरा लाखांच्या पुढे गेलं. व्हॅन ब्यूरनने दक्षिण आणि न्यू यॉर्क यांची मोट बांधली. इलेक्टोरल मतं जॅक्सनला १७८, ॲडम्सला ८३. पुन्हा न्यू इंग्लंड एका बाजूला आणि बाकी बहुतेक देश दुसऱ्या. जॅक्सनच्या शपथविधीला ॲडम्स गेला नाही. १८०१ साली जेफरसनच्या शपथविधीला त्याचा बापही गेला नव्हता.

मामा एकदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांना वॉशिंग्टनला नेलं. कॅपिटलमध्ये, म्हणजे इथल्या संसद भवनात, पुतळ्यांचं एक अर्धगोल दालन आहे, प्रतिनिधीगृह तेव्हा तिथे भरत असे. १८२५ चं मतदान याच खोलीतलं. फरशीत एके ठिकाणी धातूची चकती बसवलीय, ती ॲडम्सच्या बाकाची जागा. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर तो क्विन्सीला परतला आणि १८३१ पासून साधा खासदार म्हणून या खोलीत सतरा वर्षं बसला. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात वाचूच द्यायचे नाहीत असा नियम दक्षिणेने केला होता, तो मोडेपर्यंत भांडला. फेब्रुवारी १८४८ मध्ये इथेच कोसळला आणि दोन दिवसांनी शेजारच्या सभापतींच्या खोलीत गेला.

मामा चकतीवर उभे राहिले, वर घुमटाकडे पाहिलं.

"आणि तो क्ले? झाला का पुढे राष्ट्राध्यक्ष?"

"नाही मामा. १८३२ ला उभा राहिला, १८४४ ला उभा राहिला. दोन्ही वेळा पडला."

"मंत्रिपद घेतलं नसतं तर?"

आमची गाइड तोपर्यंत सगळ्यांना घेऊन पुढच्या दालनाकडे निघाली होती. मामा तिथेच उभे, माझ्या उत्तराची वाट पाहत.